भिंतीवरचा डाग

लाल पेटली, मग हिरवी. शेवटी प्रोजेक्टरची निळी नळी पेटली आणि मुंजाबा मेकॅनिकच्या दुकानातली मागची भिंत पांढरीफेक पडली.

“झालं जिवंत!” मुंजाबा म्हणाले. “असली मशिनं उघडणारा आता कोणी राहिला नाय, ताई.”

सुगंधाबाईंनी मान हलवली. पाचोडला घराला लागूनच त्यांच्या नवऱ्याचं, सर्जेरावांचं, व्हिडिओ थेटर होतं. हा प्रोजेक्टर तिथला. थेटर बंद पडलं तरी सर्जेराव रोज दुपारी आतून कडी लावून तिथं बसायचे. “मशीन तापवावं लागतं, नायतर सर्दतं,” एवढंच सांगायचे. दिवाळीनंतर ते गेले. चालू करून दिलं तर गावची शाळा मशीन घेणार होती, म्हणून बाई ते टेम्पोत घालून शहरात आल्या होत्या.

“पण हा डाग काय जायचा नाय,” मुंजाबांनी भिंतीकडं बोट केलं. “एकच चित्र वर्षानुवर्षं लावलं, की ते नळीच्या काचेवर जळून बसतं. काय लावायचे मालक?”

बाईंना आधी नुसतं मळभ दिसलं. फोटोच्या निगेटिव्हसारखं, उजेडाच्या जागी काळं. मग दोन वेण्या दिसल्या. वेण्यांना रिबिनी. डावीकडची सुटून खांद्यावर आलेली.

त्या ताडकन उठल्या. स्टूल मागं कलंडलं.

दहावीच्या बक्षिसाच्या वेळचा त्यांच्या लेकीचा, दिपालीचा फोटो. अकरा वर्षांपूर्वी पोरीनं मनानं लग्न केलं, त्या दिवशी सर्जेरावांनी तिच्या नावानं अंघोळ केली होती. घरातले तिचे फोटो स्वतः चुलीत घातले होते. “तिचं नाव काढलं तर माझं मेलेलं तोंड बघशील,” अशी शपथ बाईंना घातली होती. बाईंनी ती पाळली. पोरीचा फोन आला तरी उचलला नाही. शेवटी तो यायचा बंद झाला.

“काय झालं ताई? बंद करू का?”

“असं जळायला किती दिवस लागतात?”

“दिवस? रोज दोन-तीन तास धरले तरी आठ-दहा वर्षं लागतात.”

बाई भिंतीपाशी गेल्या. पोरीच्या गालावर हात ठेवायला गेल्या, तर त्यांचीच सावली पडली आणि चेहरा झाकला गेला. त्या बाजूला सरकल्या. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

“मी पल्याड भांडी घासत असायची,” त्या म्हणाल्या. मुंजाबांना वाटलं आपल्याशीच बोलतात, पण बाईंनी मागं वळून पाहिलंच नाही. “मधी एक भिंत होती निस्ती. तुम्ही मला एकदा हाक मारायची होती ना हो.”