तिची बाजू

चौथा कोयताही तारिवेरने परत फळीवर ठेवला. पोर्ट विलाहून नवा माल आला होता, पण मनासारखा एक मिळेना. एकाचं पातं फार लांब. गवताला ठीक, पण रानवाटेवरच्या वेलींत ते फिरवायला जागा नसते. एकाची मूठ गुळगुळीत. हाताला घाम आला की तीच फिरणार. पाचवा त्याने टिचकी मारून कानाशी धरला, पातं वाकवून सोडलं. ते पुन्हा सरळ झालं.

दुकानवाल्या दोरकासला राहवलं नाही. "नवरी बघायला आल्यासारखं काय बघताय हो? घ्या एक आणि सुटा."

म्हटलं आणि तिने जीभ चावली. तिची नजर त्याच्या वाढलेल्या दाढीवर गेली. बायको गेली की शंभर दिवस दाढीला हात लावायचा नाही, आणि तारिवेरचा शंभरावा दिवस परवा, शनिवारी होता. तो रागावला नाही. हाच दे म्हणाला आणि निघाला.

शनिवारी लेईसाऊच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. डुक्कर ठरलं होतं, कंद काढून ठेवले होते. तिचं गाव डोंगरापलीकडे. नवरी म्हणून ती डोंगरावरच्या रानवाटेनेच चालत आली होती. पण या वेळी तिच्या धाकट्या भावाने, कालमेटने, निरोप धाडला होता: तुमची वाट रानाने गिळलीय, आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने लॉरीने येतो. खोटं नव्हतं. शंभर दिवसांत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. तारिवेरला धास्ती होती ती पुढची. लॉरीने आलेली माणसं जेवतील आणि हात धुवून लॉरीनेच जातील. एकदा वाट मोडली की मग त्याच्या दाराशी कोण येणार? मूलबाळ नव्हतं, आणि आता ती नव्हती.

ओढ्याकाठच्या दगडावर बसून, कोयता गुडघ्यांत धरून, त्याने कानस चालवायला घेतली. कोयत्याला धार एकाच अंगाने लावायची असते. उजव्या हाताने तोडणाऱ्याला उजव्या अंगाने, डावखुऱ्याला डाव्या. लेईसाऊ डावखुरी होती. कानशीच्या आवाजाने तिच्या अंगावर काटा यायचा, म्हणून चाळीस वर्षं दोन्ही कोयते तोच घासायचा. तिचा आधी, मग आपला. मग दोघं मिळून वाट चढायची, डावी कड तिची, उजवी त्याची. तिचा कोयता तिच्याबरोबर पुरला होता. त्याचा मुठीशी मोडला होता.

घासता घासता धार चांगलीच चढली. नखावर टेकवलं तर पातं जागचं हललं नाही. तो खूश होऊन उठला आणि वाटेच्या तोंडाशीच त्याने पहिला घाव घातला. पातं फांदीच्या सालीवरून सटकलं. दुसरा घावही सटकला. त्याने कोयता पालटून पाहिला. धार डाव्या अंगाने लागली होती.

कानस खिशातच होती. तरी त्याने ती काढली नाही. मग कोयता डाव्या हातात घेऊन त्याने तिच्या बाजूने सुरुवात केली.

दुपारी माथ्यावरच्या वडापर्यंत जाऊन तो दगडापाशी परतला, तेव्हा त्याचा डावा हात खांद्यापासून भरून आला होता. आता धार पालटायची आणि उजवी बाजू उरकायची, एवढंच राहिलं होतं. कानस काढून तो बसला तो बसूनच राहिला. ती धार घासून टाकायला मन घेईना.

एवढ्यात वरून कालमेट उतरला. लॉरी किती वाजता येईल ते सांगायला तो एकटाच रान तुडवत निघाला होता. त्याच्या डाव्या खांद्याला कुसळं चिकटली होती, दंडावर ओरखडे होते.

"दाजी, ताईची बाजू लख्ख केलीत," तो म्हणाला. "आणि तुमची काय मेहुण्याला ओरबाडायला ठेवलीत?"

तारिवेरने नुसता कोयता पुढे केला. कालमेटने धारेवरून अंगठा फिरवला. पातं पालटून पुन्हा फिरवला. त्याचं हसू मावळलं.

"हा तर ताईचा झालाय."

"बसल्या बसल्या झाला," तारिवेर म्हणाला. "हात कुठे विचारतो?"

कालमेट ओढ्यावर वाकून पाणी प्याला. लॉरीवाल्याला नको म्हणून सांगतो, म्हणाला. वडापलीकडचं आमचं आम्ही उद्या तोडून घेतो. मग कमरेचा आपला कोयता काढून तो आला तसा वर निघाला, आणि उजवी कड तोडत गेला.

तारिवेर आवाज ऐकत बसला. घाव चढत चढत वडापाशी पोचले आणि पलीकडे विरले. काम कसं झालंय ते पाहायला तो उठला. आता दोघांना शेजारी शेजारी चालता येईल एवढी वाट रुंद झाली होती. तो उजव्या कडेने चढू लागला.