वेगळं ताट

"तुमचा देखणा, फिकट व्हॅम्पायर खोटा आहे," नेत्रा म्हणाली. "गावकऱ्यांनी थडगी उकरली तेव्हा त्यांना फुगलेली, लालसर प्रेतं दिसली. तोंडाशी रक्त. प्रेत कुजताना हे होतंच."

शिकागोच्या स्टुडिओत टेबलाभोवती सहा लेखक बसले होते. नेत्रा आठवडाभर एका प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासायची आणि शनिवारी या नव्या मालिकेला विज्ञानाचा सल्ला द्यायची.

"मग हा फिकट माणूस आला कुठून?" मुख्य लेखक देवांगने विचारलं.

रोग्यावरून, असं तिने सांगितलं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या खेड्यांत क्षयाने एकेका घरातली माणसं ओळीने जायची. अंग झिजायचं, डोळे चमकायचे. आधी गेलेलं माणूसच परत येऊन उरलेल्यांना शोषतंय, असं गाव ठरवायचं. मग प्रेत उकरून त्याचं काळीज जाळायचे. टीव्हीने रोग्याचं रूप उचललं आणि मेलेल्यावर चढवलं.

"त्यांची चूक एकच," ती म्हणाली. "ते थडग्यात शोधत होते. तो घरात होता, सगळ्यांबरोबर जेवायला बसलेला."

देवांगने ते वाक्य जसंच्या तसं संवादात टाकलं.

त्या दिवशी एक एक्स्ट्रा नटी आली नव्हती. तिच्या जागी नेत्राला शवपेटीत झोपवायचं ठरलं. मेकअप करणाऱ्या बाईने तिची हनुवटी दिव्याकडे वळवली, केस विंचरले आणि ब्रश खाली ठेवला. हिला काही लागत नाही, म्हणाली.

घरी हा किस्सा रंगला. शिकागोजवळ नेपरव्हिलला नेत्रा भावाकडे, प्रथमेशकडे राहायची. वहिनीला सातवा महिना होता. "मी ढोल होतेय आणि ही वाळतेय," रुचावहिनी म्हणाली. रोज ट्रेनमागे धावल्याचं फळ, असं नेत्राने सांगितलं. बेसमेंटमधल्या तिच्या खोलीला लागूनच घर तापवणारा फर्नेस होता. सकाळी उशीचा अभ्रा ओला असायचा. फुकटची सॉना, असं ती म्हणायची.

रुचाची आई, शोभाकाकू, बाळंतपणासाठी नागपूरहून आल्या होत्या. त्या चार वर्षांच्या नातीच्या, आन्याच्या खोलीत झोपायच्या आणि दिवसभर खोकायच्या. कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला.

फेब्रुवारीत आन्याला ताप येऊ लागला तो तीन आठवडे हटेना. डॉक्टर व्हायरल म्हणत राहिले. पुढच्या तपासण्यांचा हट्ट नेत्राने धरला, आणि तिचीच शंका खरी ठरली. क्षय. आन्याची औषधं सुरू झाली.

काउंटीच्या आरोग्य खात्याची नर्स घरी आली. इतक्या लहान मुलाला हा मोठ्या माणसाकडूनच होतो, असं तिने सांगितलं. सगळ्या मोठ्यांच्या तपासण्या होईपर्यंत येणाऱ्या बाळाला जपायला हवं होतं. नवजात बाळाला क्षय झाला तर तो मेंदूपर्यंत जायला वेळ लागत नाही.

नर्सने एकेकाला प्रश्न विचारले. नेत्राने आपलं सरळ सांगून टाकलं. विद्यापीठात आली तेव्हाच तिची क्षयाची हातावरची चाचणी पॉझिटिव्ह निघाली होती. भारतात जन्मल्याबरोबर बीसीजीची लस देतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांचीच तशी येते. वसतिगृहातल्या निम्म्या मुलींचे हात सुजले होते, त्यावर दिलेल्या गोळ्या कुणीच घेतल्या नाहीत. नर्सने तरीही एक्स-रे लिहून दिला. शूटिंग होतं म्हणून नेत्राने तो दोनदा कॅन्सल केला.

काकूंना नर्सने विचारलं, घरात पूर्वी कुणाला झाला होता का?

"माझ्या थोरल्या बहिणीला," काकू म्हणाल्या. "पन्नास वर्षं झाली."

नेत्राने प्रथमेशकडे पाहिलं.

त्याच संध्याकाळी खोल्यांची अदलाबदल झाली. काकू बेसमेंटमध्ये गेल्या आणि नेत्रा वर आन्याच्या खोलीत आली. काकूंचं ताट, वाटी, पेला वेगळा झाला. भांड्यांनी क्षय पसरत नाही, हे नेत्राला माहीत होतं. पण रुचा फार घाबरली होती, म्हणून नेत्राने ते होऊ दिलं. जेवणाचं ताट तीच जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवायची.

"बहिणीचं मीच सांगितलं," काकू एकदा ताट उचलताना म्हणाल्या. "लपवलं असतं तर ताट वरच राहिलं असतं माझं."

"काकू, बाळासाठी करतोय हे."

"हो ना. बाळासाठीच तर आले होते मी."

मार्चच्या शेवटी मुलगा झाला. काकूंनी नातू पाहिला तो मागच्या अंगणातून, काचेच्या दाराबाहेर उभं राहून. बर्फ पडत होता. त्यांनी काचेला हात लावला नाही.

त्यांनी करायचं ते सगळं नेत्राने अंगावर घेतलं. रजा टाकली. बाळाला तेल लावलं, आंघोळ घातली, दूध पिऊन झालं की खांद्यावर घेऊन फिरवलं. बाळाला गाणी म्हणून घसा बसला, तशी ती ज्येष्ठमध चघळू लागली.

"आत्या, व्हाय कान्ट आजी होल्ड हिम?" आन्याने विचारलं.

"आजीला बरं नाहीये, पिल्लू."

रुचाने फारच आग्रह केला तेव्हा, एका सोमवारी, नेत्रा एकदाची एक्स-रे काढून आली.

मंगळवारी दुपारी नर्सचा फोन आला. रुचा आणि आन्या झोपल्या होत्या. काकूंच्या थुंकीचे तिन्ही नमुने स्वच्छ निघाले होते. फुप्फुसंही स्वच्छ होती. खोकला रक्तदाबाच्या गोळीचा होता. गोळी बदलली की थांबला असता.

नेत्राने जिन्याकडे पाहिलं. वरच्या पायरीवर रिकामं ताट होतं.

"मग मी त्यांना आत्ताच वर बोलावते," ती म्हणाली.

"जरा थांबा," नर्स म्हणाली. "तुमचा कालचा एक्स-रे माझ्यासमोर आहे. उजव्या फुप्फुसात, वरच्या बाजूला, क्षयाने पडते तशी पोकळी दिसतेय. आत्ता तुमच्याजवळ कुणी नाही ना?"

नेत्राच्या मानेत तोंड खुपसून बारा दिवसांचं बाळ झोपलं होतं.