गुडघ्याचं तेल

शिवणकाम करणाऱ्या सुनेची बोटं इतकी आखडली की काजंही करता येईनात. तेल लाव म्हटलं तर, "वेळ कुठंय, आई?"

तेवढ्यात सासूबाईंचाच गुडघा धरला. त्यांनी आलं-लवंगा घालून मंद आचेवर तेल कढवलं आणि सुनेला रोज चोळायला बसवलं.

"तळव्यानं नको गं. एकेका बोटानं, दाबून."

"फारच नखरे हो तुमच्या गुडघ्याचे!"

महिन्याभरात सुनेच्या हातून काजं पुन्हा सुबक उतरू लागली. एका दुपारी ती मशीनवरून उठली, तर सासूबाई उकिडव्या बसून, गुणगुणत, सांडलेली बटणं वेचत होत्या.

सून तेल घेऊन शेजारी टेकली.

"आई, दुखरा गुडघा कुठला हो?"

सासूबाई गडबडल्या.

"अगं... तू कुठला चोळत होतीस?"