उलटा पेपर

कावळा डोक्याला शिवला तेव्हा सोमनाथ अंगणात बसून निजामाला जिंकवत होता.

मांडीवर पिवळा पडलेला पेपर, हातात मोबाईल. बाप बंकट जन्मभर सिरसाळ्याच्या स्टँडवर पेपर विकत होता. न खपलेले गठ्ठे घरात ठेवून तो मरून गेला आणि पोरानं त्यातूनच खेळ काढला. जुन्या बातमीचा फोटो टाकायचा आणि खाली तीच बातमी उलटी करून लिहायची. मराठवाडा मुक्तिदिनाच्या पुरवणीत 'निजाम शरण' होतं, तिथं त्यानं लिहिलं, 'निजाम हटला नाही, सिरसाळ्याच्या बाजारात बोकडालाही शेरवानी सक्तीची.' 'बीडला रेल्वे लवकरच' याच्या खाली लिहिलं, 'रेल्वे आली, पुढाऱ्यांना भाषणाला विषय उरला नाही.' लोक हसून लोळायचे.

एकाच बातमीला कुणी हसलं नव्हतं. 'नदीतून वाळूचा उपसा जोरात' याच्या खाली सोमनाथनं लिहिलं होतं, 'वाळू नदीतच राहिली, ट्रॅक्टरचे मालक आता शेळ्या वळतात.' तेव्हापासून एक बिननंबरची जीप घरासमोर येऊन उभी राहायची. इंजिन चालूच असायचं. खाली कुणी उतरायचं नाही.

कावळा नखं मारून उडाला. गोठ्यातून लेंड्यांची पाटी घेऊन येणाऱ्या भामाबाईनं ते पाहिलं. पाटी हातातून सुटली.

"शिवला?"

"पंख लागला नुसता, माय."

"पंख म्हणं! त्यो का तुला वारा घालाया आलता?"

भामाबाई शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. पण कावळा शिवला की काय करायचं, हे शाळेत शिकवत नाहीत. ज्याला शिवला त्याच्या मरणाचा खोटा सांगावा सोयऱ्यांत धाडायचा. तो खरा मानून एकानं तरी डोळ्यातून पाणी काढायचं. मग आलेलं मरण त्या पाण्यावर भागवून माघारी जातं. पाणी नाही पडलं, तर ते उंबऱ्यातच बसून राहतं.

"टाक तुझ्या मोबाईलवर, मेलो म्हणून. आन् कुणी रडेस्तोवर उंबऱ्याबाहेर पाय न्हाई टाकायचा."

"माय, संध्याकाळी तेलगावला जायाचं हाय. पंडितनं ढाब्यावर बोलावलंय. मटण हाय."

पंडित त्याच्या वर्गातला. लहानपणी याच घरात जेवायचा. आता वाळूचा ट्रॅक्टर चालवायचा आणि रस्त्यात दिसला तरी मान वळवायचा. आज मात्र त्यानं आपण होऊन फोन केला होता.

"मटण कुठं पळून जातंय? ते तर आधीच मेलंय," भामाबाई म्हणाली. "तू टाक."

सोमनाथ हसत उठला. त्यानं गठ्ठ्यातून बापानं जपलेला अंक काढला. आतल्या पानावर एवढीशी बातमी होती, 'वृत्तपत्र विक्रेते बंकट यांना पुत्ररत्न.' तिचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'बंकट यांचे पुत्ररत्न सोमनाथ आज सकाळी वारले.'

भामाबाई त्याच्या शेजारी बसून राहिली. येईल ते मोठ्यानं वाचायला लावलं. बहीण रूपालीनं लिहिलं, 'दादा, आधी माझी भाऊबीज दे, मग मर.' मामानं विचारलं, 'तेराव्याला बुंदी का जिलबी?' मुक्ताआत्यानं नुसती हसणारी तोंडं पाठवली, ओळभर. भामाबाईनं स्वतः थोरल्या भावाला फोन लावला आणि नीट सांगितलं, सोमनाथ गेला. तिकडून भाऊ म्हणाला, "भामे, तूबी त्याच्या नादाला लागलीस का?" आणि खो खो हसला.

दुपार झाली. गावभर हसू पसरलं आणि टिपूस पडेना.

"तुझ्या थोबाडावर कुणाचा इस्वासच न्हाई रे," ती म्हणाली. "मेलास तरी कुणी खरं मानणार न्हाई."

तेवढ्यात मोटारसायकल दाराशी आदळावी तशी थांबली. सोमनाथ चटकन आतल्या खोलीत शिरला, दार ओढून घेतलं, फटीला मोबाईल लावला. गिऱ्हाईक फसलेलं त्याला टिपायचं होतं.

पंडित आला. पायात एकच चप्पल. ओसरीवरच गुडघ्यावर बसला आणि त्यानं भामाबाईचे पाय धरले. डोळ्यांतून धार लागली होती, आणि ती तिच्या पावलांवर पडत होती. ऊन, खरी.

भामाबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. अख्ख्या सोयऱ्यांत नाही आणि या परक्याच्या लेकरात माया निघाली. लहानपणी घातलेली भाकर वाया गेली नव्हती. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ऊठ बाबा, जिता हाय त्यो, हे शब्द ओठांवर आले. दाराआड सोमनाथला हसू आवरेना, दार हलायला लागलं.

"कुणी सांगितलं तुला?" तिनं मायेनं विचारलं. "समदे तर मस्करी म्हणत्यात."

"मस्करी न्हाई ती, मावशी. मला ठाव हाय ना," पंडित तिच्या पायांतच बोलला. "पर घरात येऊन मारतील आसं न्हवतं ठरलं. ढाब्यावर ठरलं होतं. मी निस्तं बोलवून आणायचं होतं."

भामाबाईचा हात त्याच्या डोक्यावरच राहिला. बाहेर कुठंतरी जीपचं इंजिन चालू होतं.

ती मागं सरकली, हलणाऱ्या दाराला तिनं पाठ लावली, हात मागं नेऊन कडी घातली आणि नवरा गेला तेव्हाही जो फोडला नव्हता तो हंबरडा फोडला.