आहे तेवढंच

"मॅडम, चित्रात रिक्षाचा पोचा जरा मोठा काढा ना," रिक्षावाला पुन्हा म्हणाला.

"आहे तेवढाच निघेल, काका. जास्तीची एक रेघ ओढली तर माझा परवाना जाईल," तेजस्विनी वैतागून म्हणाली. बनावट फोटोंचं पीक आल्यापासून कोर्टात पुरावा म्हणून फक्त शपथेवर, हाताने काढलेलं चित्र चालत होतं. गोष्टींतले राक्षस आणि पऱ्या यंत्रंच काढत. इलस्ट्रेशन शिकलेल्यांना अपघातांची चित्रं काढायची एवढीच नोकरी उरली होती.

घरात पाऊल टाकताच लेकीने कागद पुढे केला. "आई, टोपी घातलेला वाघ काढ."

तेजस्विनीने पेन्सिल टेकवली, पण हात पुढे सरकेना.

"कुठे उभा होता तो?" तिने विचारलं.

"असं काय गं," लेक वैतागली. "तू काढल्याशिवाय तो येईल कुठून?"