शंखातली माती

"खोदना मना है, मौसी," म्हणत बन्सीनं काठी आडवी धरली.

आंधळी मंगळी शंखाच्या तोंडाशी उभी होती. तिला हाताला धरून आणणारी नवसी, पाड्यावर शेजारच्या घरी यंदाच आलेली सून, पदराआड हसली. "आजे, यो वॉचमन त रेडिओवानी बोलतो."

कुंभवलीच्या कडेचा रंगाचा कारखाना बंद पडला, त्याचं सांडपाण्याचं तळं मुरूम टाकून बुजवलं गेलं आणि त्यावर हा शंख उभा राहिला. जुन्या बॉयलरच्या पत्र्यांचं शिल्प, ताडाएवढं उंच. माणसं तोंडातून आत शिरत, वळणावळणानं गाभ्यापर्यंत चालत जात, घुमणारा वारा ऐकून परत येत. गाभ्यात फरशी नव्हती. घडवणाऱ्यानं तेवढी जमीन उघडीच ठेवली होती.

"मूठभर माती पायजे," मंगळी म्हणाली. "तळ्याचा बांध फुटला, त्यात माझा देवू गेला. बाकीच्यांची मढी गावली, त्याचं नाय. मढं नाय त मेल्या जागेची माती लागते. त्याबिगर आमच्यात दिवस घालता येत नाय."

"इतने साल बाद?"

"सून बसलीय ना, पारू. पाम गावचा एक बिजवर तिला घरात घ्याया तयार हाय. माणूस बरा हाय, पीत नाय. पन नवऱ्याचा दिवस घातल्याबिगर पाडा तिला सोडत नाय."

बन्सीनं काठी या हातातून त्या हातात घेतली. "वो... राजी है?"

"आधी चुलीम्होरं धुराचं नाव करून रडायची. आता रडत बी नाय."

बन्सी बाजूला झाला. नवसी मात्र आत यायला तयार होईना. आत भुतं घुमतात म्हणाली. "तुमीच न्या हो, रेडिओवाले. पन म्हातारीला परत आना."

त्यानं मंगळीचं मनगट धरलं. उन्हानं पत्रा तापला होता. पावलागणिक तो वाजे, आणि वळणागणिक उजेड मागं राही. चालता चालता म्हातारी गुणगुणू लागली,

"पाण्यावाटे गेला बाळ,
वाट पुसू मी कोणाला..."

बन्सी थांबला. "मौसी, वो जिंदा हो तो?"

"जिता असता त आला नसता? आयेकडं नाय, बायकोकडं तरी?"

"सुना है, बांध पर उसी की ड्यूटी थी. सो गया था. लोग मर गये, तो डर गया होगा."

"भ्यायला बी काय माप असतं, बाबा," मंगळी म्हणाली. "त्याच्या भ्यापायी पारूचं तरनेपन गेलं."

वळणं संपली. गाभ्यात वारा असा घुमत होता, की कुणी लांबून कण्हतंय असं वाटावं. पायाखाली आता पत्रा नव्हता, भुसभुशीत, काळपट माती होती.

"ले लो," बन्सी तोंड फिरवून म्हणाला. "मैं नहीं देखता."

मंगळीनं कमरेचं फडकं सोडून पसरलं. पण ती वाकली नाही. तिनं चाचपडत त्याचा हात शोधला, खाली ओढला आणि त्या काळ्या मातीवर टेकवला.

"तुझी माती तूच घाल, देवू," ती म्हणाली. "पारूला जाऊ दे."