सावकाश निवलेलं चाक

चाक बसवून झालं, तरी अब्दुल सत्तारचा हात बटणाकडे जाईना. त्यानं अकोल्याच्या आपल्या वर्कशॉपात केलेली दोन नायलॉनची चाकं हिवरखेडच्या या डाळमिलीत आधीच दात गमावून बसली होती. मिल बायांच्या बचत गटाची. कपाशी वर्षामागून वर्ष बुडत होती आणि घरं या मिलीवर चालत होती.

"सत्तारभाऊ, याबी चाकाचे दात गेले तर आमी मिल विकून टाकतो," गटाच्या दुर्गाबाईनं सरळ सांगितलं. "बाया थकल्या आता."

हे तिसरं चाक मात्र जेबाचं होतं. सत्तारची मुलगी, अमरावतीहून रसायनशास्त्र शिकून आलेली. सत्तारचं घराणं लोहारकामाचं. तापलेली वस्तू दिसली की पाण्यात बुडवायची, हे अंगात मुरलेलं. साच्यातून निघालेलं गरम चाकही तो तसंच बुडवायचा. या खेपेला जेबानं ते कढत तेलात ठेवलं, मग भट्टी विझवून कढईवर झाकण घातलं आणि पार निवेपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही.

"भजे तळून राहिली काय?" तो खेकसला होता.

"अब्बा, हे लोखंड नाही. याच्यात बारीक लांब धागे असतात. एकदम थंड केलं की त्याइचा गुंता तसाच राहते. गरमीत ठेवून हळूहळू निवू दिलं, की घड्या घालून वळीनं बसतात. मंग चाक कडक होते."

शेवटी जेबानंच बटण दाबलं. पहिलं पोतं भरडून झालं. दुसरंही झालं. बाया तूर ओतत होत्या, पण डोळे चाकावर. दुपार टळल्यावर दुर्गाबाईनं मिल थांबवली आणि दातांवरून बोट फिरवलं.

"बाई वो, एकबी नाही झिजला! चालू करा!"

डाळीची पिवळी धार पुन्हा लागली. बाया एकमेकींना टाळ्या देऊन हसत सुटल्या. सत्तारला आनंद आवरेना.

"माह्या पोरीनं बनवलं!" तो मिलीच्या आवाजावर ओरडला. "मी चुकत होतो, तिचंच बरोबर होतं!"

"काय म्हणलं, अब्बा? ऐकू नाही आलं," जेबा कानामागे हात धरून म्हणाली.

ऐकू तर अख्ख्या मिलीला आलं होतं. जन्मात कधी एक गोष्ट दोनदा न सांगणारा सत्तार एक पाऊल पुढे आला आणि त्यानं ती पुन्हा सांगितली, आधीपेक्षा मोठ्यानं.